आठल्ये सरांची अर्धी गोष्ट

या, असे पुढे सरकून बसा. तिकडे दूर बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. जन्मभर कीर्तनात बुवांच्या मागे ध्रुपद धरून घसा पार बसलाय. आजचे बुवा अजून हातपाय धुताहेत, पेटीवाल्याचा सूर लागायचाय, तबलजी हातोडी शोधतोय. तेवढ्या वेळात बसेल अशी एक गोष्ट सांगतो. फुटबॉलची आहे. देवळात बसून हा म्हातारा फुटबॉलचं काय सांगतोय, असं मनात आणू नका. ती सुरू झाली मैदानात, पण संपली इथेच, तुम्ही पाठ टेकलीत ना, त्या खांबापाशी.

“बोंद्रे, चेंडू बाहेर का मारलास?”

आठल्ये सर मला विचारत होते. मिरजेच्या पोरांबरोबरचा सामना नुकताच हरलो होतो. मी खाली मान घालून बुटाची नाडी सोडत बसलो.

“हिंदुराव गोलच्या तोंडाशी एकटा उभा होता. गोलीसुद्धा पुढे आला होता. नुसता चेंडू सरकवायचा होता तुला.”

“दिसला न्हाई सर.”

“धिप्पाड आहे तो. दिसला नाही?”

दिसला होता की. दिसला म्हणूनच बाहेर मारला. कोल्हापूरचे असाल तर समजलंच असेल. नसाल तर सांगतो. मी पिंपळ तालमीचा आणि हिंदुराव इंगवले दगडी तालमीचा. आमच्या आज्यांच्या काळात कधीतरी गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोणी जायचं यावरून दोन तालमींत जुंपली होती. तेव्हापासून एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या दारचं पाणी प्यायचं नाही. कॉलेजच्या टीममध्ये निम्मी पोरं त्यांची, निम्मी आमची. एका रंगाची जर्सी घालून आम्ही दोन टीम खेळत होतो, आणि समोरची तिसरी.

कॉलेज तेव्हा नवं होतं. फुटबॉल शिकवायला माणूस ठेवायची रीतच नव्हती. तालमीचा वस्ताद कुस्ती शिकवी आणि जाता जाता फुटबॉलवाल्यांना शिव्या देई, तेवढंच शिक्षण. कॉलेजने पहिल्यांदा कोच म्हणून माणूस नेमला तो हे केशवराव आठल्ये. खरगपूरला रेल्वेत होते, तिथे बंगाल्यांत खेळून तयार झालेले. धोतराचा काचा मारून मैदानात उतरत, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात शिटी. चेंडू पायाला चिकटवल्यासारखा नेत. पण बोलत कमी. ते कुठले, घरी कोण, काही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब छत्रीच्या टोकाने गवत टोचत जवळ आले. आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाले, “आठल्ये, ही एक टीम आहे की दोन? लोक हसतात आम्हाला. सांगलीकरांच्या सामन्यात पुन्हा हाच तमाशा दिसला, तर फुटबॉल बंद. चेंडू कपाटात आणि तुम्ही परत खरगपूरला.”

“बरं,” सर म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वाटलं आता शिव्या, नाहीतर मैदानाला फेऱ्या. कसचं काय. खेळ झाल्यावर आम्ही नेहमीसारखे वडाखाली टेकलो आणि दगडीवाले पलीकडे चिंचेखाली. सर आमच्यात येऊन मांडी घालून बसले.

“गोष्ट ऐकणार?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गोष्ट? मिशा फुटलेल्या पोरांना? पण सरांनी सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला मी सावरून बसलो. कारण तो आवाज वेगळा होता. शिटीवाल्या माणसाचा नव्हताच तो. कुठे थांबायचं, कुठे पुढे झुकायचं, कुठे हळू व्हायचं, सगळं जागच्या जागी.

एक कीर्तनकार होते, त्यांचे दोन मुलगे. थोरला मागे उभा राहून ध्रुपद धरी, धाकटा तबल्यावर. एकदा बेळगावच्या उत्सवात कीर्तन ठरलं. मैदानावर गोऱ्या पलटणीचा फुटबॉल चालला होता. धाकटा बघायला म्हणून गेला, तो तिथेच. इकडे वडील उभे राहिले, तबला रिकामा. “केशव”, म्हणजे नाही, नाव नाही घेतलं सरांनी, “धाकटा कुठंय?” असं वडिलांनी विचारलं. थोरला म्हणाला, “त्याला ताप भरलाय, बाबा.” वडिलांनी बिनातबल्याचं कीर्तन कसंबसं रेटलं. आणि नेमका शेवटच्या आरतीला धाकटा घामाने निथळत, गुडघे फुटलेला, दारात हजर! भर सभेत लोक हसले. त्यानंतर वडील कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. ते गेल्यावर भाऊ वेगळे झाले. भांडी वाटली, पोथ्या वाटल्या, पाटसुद्धा वाटले. शेवटी एक वस्तू उरली, जिचे दोन भाग करायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. थोरला म्हणाला, ही मला राहू दे. धाकटा हट्टाला पेटला. अर्धी वाटणी म्हणजे अर्धी!

आणि सरांनी शिटी तोंडात घेतली. फुर्रर्र. “चला, घरी.”

“सर, पुढं?”

“पुढचं सांगितलंय मी.”

“कधी? कुणाला?”

सरांनी हात लांब करून चिंचेकडे दाखवलं.

आमच्यात हलकल्लोळ माजला. काय असेल ती वस्तू? कुणी म्हणालं, गाय. “गाय कशी कापतील रं बामणाच्या घरात?” कुणी म्हणालं, वीणा, करवतीने चिरली असणार. शिवा गोली म्हणाला, “विहीर!” त्याला दोन गुद्दे मिळाले. पलीकडे चिंचेखालीही तेच. त्यांच्याही माना वळून वळून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्यापाशी शेवट होता आणि सुरुवात नव्हती, हे कळत होतं. पण आधी तोंड कोण उघडणार? पिंपळाने दगडीला विचारायचं? त्यापेक्षा जीभ हासडून दिलेली बरी.

सर रोज येत, आणि रोज तेवढीच गोष्ट सांगत. तीच, तिथवरच. वर जास्त रंगवून. तिकडे दगडीवाल्यांना त्यांची अर्धी आधीच सांगून झालेली असे. आम्हाला तर झोप लागेना.

मी घरी आत्याला विचारलं. आमच्या आत्याला पुराणं तोंडपाठ. तिच्या पदराला धरूनच मी कीर्तनाची गोडी लावून घेतली होती. ती तांदूळ निवडता निवडता थांबली. “दोन भाऊ, बेळगाव, फुटबॉल? नाही रे बाबा, हे कुठल्या आख्यानात नाही. कोणी सांगितलं तुला?”

“आमच्या आठल्ये सरांनी.”

“ते टोपीवाले? अरे, ते येतात की देवळात. एकादशीला.”

ते मलाही माहीत होतं. इथे तेव्हा दर एकादशीला कुरुंदवाडकरबुवांचं कीर्तन असे. खरं आडनाव काय कोण जाणे. कीर्तनकाराला गावाच्याच नावाने ओळखायचं. काय रसाळ वाणी होती! आणि त्यांची एक गंमत मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्यांच्या हातातल्या चिपळ्यांची जोडी विजोड होती. अंगठ्यातली काळीभोर, हाताळून गुळगुळीत झालेली. बोटांतली मात्र कोऱ्या पिवळ्या लाकडाची. आत्याने एकदा विचारलं होतं, तर हसून म्हणाले होते, “आत्याबाई, एक गावाला गेलीय. येईल.” सर या कीर्तनाला येत, पण तिकडे दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहत, आणि मध्यंतराला लोक बुवांच्या पाया पडायला, बुक्का लावून घ्यायला उठले, की निघून गेलेले असत. मला वाटे, एकटा माणूस, चुलीवर दूध ठेवून येत असतील.

सांगलीचा सामना नेमका एकादशीलाच आला. बांधावर एका टोकाला आमचे राऊ वस्ताद फेटा बांधून, दुसऱ्या टोकाला दगडीचे वस्ताद, आणि मधे खुर्चीत प्रिन्सिपॉलसाहेब छत्री उघडून. सर गोलपोस्टजवळ उभे होते. चेहरा नेहमीचाच, पण शिटी उगाच पुसत होते धोतराला. आज काय होणार ते त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही.

पहिला अर्धा तसाच गेला. आम्ही आमच्यातच चेंडू फिरवला, दगडीवाल्यांनी त्यांच्यात. सांगलीकर मधे येऊन अलगद काढून नेत होते. शिवा गोलीने कसे अडवले त्याचं त्याला माहीत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी छत्री मिटलीसुद्धा.

मध्यंतरानंतर उजव्या बाजूला थ्रो मिळाला. मी चेंडू डोक्यावर घेऊन उभा. माझ्यासमोर आमचं कुणीच नव्हतं. फक्त हिंदुराव. तो माझ्याकडे बघत नव्हता. लांब आभाळात कुठे तरी बघत, ओठ न हलवता म्हणाला,

“कुणाची पोरं रं ती दोघं?”

दगडी तालमीचा माणूस माझ्याशी बोलत होता! मीही आभाळाकडे बघितलं.

“आधी तू सांग. वाटणीत फोडलं काय त्येनी?”

“बॉल दे, मग सांगतो.”

दिला. काय करणार! हिंदुराव चेंडू घेऊन दोन माणसांना चुकवून धावला, मी बाजूने धावलो, आणि त्याने वळून चेंडू परत माझ्या पायात घातला. कारण लांबून ओरडून सांगितलं असतं तर बांधावर ऐकू गेलं असतं.

“लाकूड!”

“कसलं लाकूड?”

“आता तुझी पाळी! कुणाची पोरं?”

“कीर्तनकाराची!” मी चेंडू त्याला ढकलला.

“आं? मग धाकटं पळालं कशापायी?” चेंडू परत.

“फुटबॉल बघाय!”

“आयला!” हिंदुराव धावता धावता हसला. मी चेंडू उंच टाकला, त्याने हसता हसताच डोकं लावलं, आणि जाळी हलली.

गोल! टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. मग बांधावरून राऊ वस्तादांचा आवाज आला, “बोंद्र्याच्या रंग्या! डोळं फुटलं का रं तुझं? कुनाला बॉल देतूस?” आणि त्याच दमात पलीकडच्या टोकाकडून, “हिंद्या, तालमीत ये तू संध्याकाळी!” पण मधली जनता उठून नाचायला लागली होती.

त्यानंतर एकच धांदल उडाली. आमचा बाब्या त्यांच्या गणपाला चेंडू देतोय आणि विचारतोय, “थोरला रडला काय रं?” त्यांचा गणपा परत देतोय, “ते ठाऊक न्हाई, पर धाकटा रोज रडतुया!” सांगलीकर चक्रावून गेले. ही कुठली नवी खेळाची तऱ्हा, पास देतात आणि कुजबुजतात!

सामना संपत आला होता. आम्ही पुढे होतो. चेंडू माझ्याकडे आला, अगदी आमच्याच गोलसमोर. नुसता लांब मारायचा होता. हिंदुराव मदतीला मागे आला होता, तो कानाशी म्हणाला,

“ते लाकूड एकटं पडलं की मुकं होतं, असं म्हनत्यात सर. काळं, माशाच्या तोंडाचं. बोटं घालाय कडं हाय त्येला. आमी म्हनतो, बूट चढवायचं आसंल. धाकटा ते खिशात घालून थोरल्याच्या दाराशी जातोय, चपलांत उभा ऱ्हातोय, अन् तसाच मागारी फिरतोय. तिथंच शिटी!”

मी थांबलो. चेंडू पायाखाली, आणि मी थांबलो. बोटांचं कडं. माशाचं तोंड. डोळ्यांपुढे कुरुंदवाडकरबुवांचा हात आला, एक काळी, एक पिवळी. चपलांचा ढीग आला. दाराशी काळी टोपी आली.

“चिपळ्या!” मी ओरडलो. “हिंद्या, चिपळ्या फोडल्यात रे त्यांनी!”

तेवढ्यात सांगलीच्या एका काटकुळ्याने माझ्या पायाखालून चेंडू काढला आणि शिवाच्या बगलेतून गोल केला. बरोबरी. शिवा मला काय काय म्हणाला ते देवळात सांगण्यासारखं नाही.

सामना बरोबरीत सुटला. प्रिन्सिपॉलसाहेब छत्री हलवत आले. आम्ही जवळ सरकलो.

“जिंकायला हवं होतं, आठल्ये.”

“हो.”

“पण ते राहू द्या. ती पोरं सारखी बोलत काय होती?”

“गोष्ट सांगत होती एकमेकांना.”

“खेळताना?”

“खेळल्याशिवाय सांगता येत नव्हती.”

साहेबांनी छत्री काखेत मारली. मग म्हणाले, “चेंडू कपाटात नको ठेवायला. दमट असतं तिथे,” आणि गेले.

आम्ही सगळे, दोन्हीकडचे, पहिल्यांदाच एका झाडाखाली बसलो. चिंचेखाली, कारण ते जवळ होतं. सरांना मधे घेतलं. बाब्या म्हणाला, “सर, दोन्ही अर्ध्या जोडल्या. आता शेवट.”

“शेवट मला ठाऊक नाही रे.”

“आसं कसं?”

“खरंच नाही. ध्रुवाची, प्रल्हादाची सांगितली असती, तर उरलेली अर्धी तुमच्या आयांनी घरी सांगितली असती. मला अशी हवी होती, की दुसऱ्या झाडाखाली गेल्याशिवाय मिळूच नये.” त्यांनी शिटी गळ्यातून काढली, पुन्हा घातली. “तसली माझ्यापाशी एकच होती.”

पोरं तालमीची खरी, पण दगड नव्हती. मी हिंदुरावकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. एवढ्या वेळात आम्हाला न बोलताही कळायला लागलं होतं.

“सर,” मी म्हणालो, “आज एकादशी आहे.”

दिवेलागणीला आम्ही इथे आलो. सर त्यांच्या जागी, चपलांजवळ. आम्ही दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना, चिखलाने माखलेले. हिंदुराव जन्मात कीर्तनाला बसला नव्हता. आ वासून ऐकत होता. पूर्वरंग झाला. मध्यंतराचं भजन सुरू झालं, लोक उठले. सर हळूच मागे सरकले, आणि हिंदुरावच्या छातीवर आपटले.

“वाट सोड रे, इंगवले.”

“न्हाई सर.”

“अरे, दूध...”

“ऱ्हाऊ दे दूध. आमी शेवट ऐकाय आलोय. अर्ध्यावर सोडून जायाचं न्हाई.”

मी एक हात धरला, त्याने दुसरा. ओढलं नाही हो, नुसतं चाललो. रांग सरकली. बुवा प्रत्येकाच्या कपाळाला बुक्का लावत होते, सवयीने, मान न वर करता. या खांबापाशी आलो. बुवांनी बोट उचललं, आणि समोर कपाळ न येता एक हात आला. कोटाच्या खिशातून काढलेलं काळं लाकूड हातावर. माशाच्या तोंडाचं.

बुवांनी त्याच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, लाकडाकडेच. पेटी चालू होती, टाळ चालू होते, फक्त बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. इतकी वर्षं जे दाराशी थांबत होतं ते हेच. आता बुवा काय म्हणतात त्यावर सगळं होतं.

बुवांनी सरांची टोपी वर सरकवली. कपाळाला बुक्का लावला. मग हात उलटा केला आणि मागच्या बाजूने कपाळावर ठेवला, आजारी पोराचं अंग बघतात तसा.

“उतरला का रे ताप?” म्हणाले.

सरांनी जे हुंदके दिले, ते टाळांच्या वर ऐकू आले. हिंदुरावने माझ्या बरगडीत कोपर मारलं. त्याचेही डोळे वाहत होते, पण कळलं नव्हतं.

“कसला ताप रं?”

“त्यो आमच्या अर्ध्यात हुता,” मी म्हणालो.

बुवांनी पिवळी चिपळी काढून खिडकीत ठेवली आणि काळी बोटांत चढवली. तबलजी न सांगताच उठला. काचा मारलेल्या चिखलाच्या धोतरात आमचे सर तबल्यावर बसले, आणि उत्तररंग सुरू झाला. बोटं विसरली होती. ठेका सारखा सुटायचा. बुवा दर वेळी आख्यान थांबवायचे, हसायचे, आणि धाकटा समेवर येईपर्यंत वाट बघायचे. असं अडखळत झालेलं आणि इतकं गोड कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही.

सर पुढे पुष्कळ वर्षं कॉलेजला होते. त्यांच्या हातून कितीतरी पोरं तयार झाली. कॉलेजच्या दिवाणखान्यात जिंकलेल्या कपाखाली फळा आहे, त्यावर कप्तानांची नावं आहेत, प्रिन्सिपॉलसाहेबांचं आहे, माझंही एका कोपऱ्यात आहे. सरांचं नाही. कोचचं नाव लिहायची रीत तेव्हा पडली नव्हती.

लागला वाटतं सूर. बुवा आले, सरळ बसा. एक करा माझ्यासाठी. आता मध्यंतराला बुक्का लावून घ्याल ना, तेव्हा घटकाभर या खांबाला हात लावा, आणि आमच्या केशवराव आठल्यांची आठवण काढा.